भाकरीएवढी काच

नमनाला घडाभर तेल न घालता सांगून टाकतो. थंडीच्या दिवसांत गाडीच्या पुढच्या काचेवर आतून धरलेली वाफ हाताने, स्वेटरच्या बाहीने, नाहीतर त्या पिवळ्या फडक्याने भाकरीएवढी पुसायची आणि तेवढ्या भोकातून बघत गाडी हाणायची, असं करणाऱ्या तमाम मंडळींवर माझा राग आहे. या मंडळींत माझा सख्खा मामा पहिला. तो हे वाचणार हे मला ठाऊक आहे, कारण मामी त्याला मोठ्याने वाचून दाखवते. वाच गं मामी. एक शब्द गाळू नकोस.

तर झालं असं... २०२३ च्या जानेवारीत आम्ही चौघं नाशिकहून नांदूर मधमेश्वरला पक्षी बघायला निघालो. मामा, मामी, माझी बायको आणि मी. गाडी मामाची, चालवणार अर्थातच मामा. पहाटेचे साडेपाच. निफाडच्या बाजूची थंडी ज्यांना माहीत आहे त्यांना जास्त सांगायला नको. द्राक्षबागांतून रात्री शेकोट्या पेटवतात ती ही थंडी. आम्ही काचा गच्च लावल्या. मामीने थर्मास उघडून सगळ्यांना चहा ओतला. मी आंघोळ करून ओल्या केसांनी बसलेलो. आणि चौघंही अखंड बोलत होतो, आमच्या घराण्याची ती रीतच आहे.

दहा मिनिटांत पुढची काच दुधासारखी झाली.

मामाने डॅशबोर्डवरचं फडकं उचललं, आपल्या तोंडासमोर गरगर फिरवलं आणि परत ठेवून दिलं. भाकरीएवढं भोक. दोन मिनिटांनी पुन्हा फडकं, पुन्हा भाकरी. मी म्हटलं, "मामा, एसी लाव." मामा म्हणाला, "येडा का तू? या थंडीत एसी?" आणि हसला. मीही हसलो. (माझी चूक मी इथेच कबूल करतो. मी गप्प बसलो. म्हणजे हा राग थोडा माझ्यावरही आहे.)

पुढे एका गावाच्या वळणावर मामी ओरडली, "अहोऽऽ!" मामाने ब्रेक दाबला. डावीकडून सायकलवर एक म्हातारबाबा येत होते, हँडलला दुधाच्या दोन किटल्या. भाकरी उजवीकडे होती, बाबा डावीकडे होते. गाडी थांबली तेव्हा त्यांच्यात आणि आमच्यात हातभर अंतर असेल. घाबरून ते बाभळीच्या बाजूला कलंडले, सायकल अंगावर, एक किटली रस्त्यावर पालथी.

आम्ही धावलो. लागलं नव्हतं, गुडघा खरचटला एवढंच. मामा काकुळतीला येऊन म्हणाला, "बाबा, काचेवर वाफ धरली होती हो. दिसलंच नाही."

बाबांनी कपडे झटकले, किटली उचलली आणि शांतपणे म्हणाले, "दिसत नव्हतं तं थांबायचं ना भाऊ."

बस. एवढंच. मामाने पाचशेची नोट पुढे केली, त्यांनी सांडलेल्या दुधाचे तेवढे पैसे घेतले आणि बाकीचे मोजून परत दिले. त्या दिवशी पुढे चमचे, रोहित, चक्रवाक काय काय दिसलं ते मला आठवत नाही. ते वाक्य आठवतं.

आता मुद्द्याचं. "काचेवर वाफ धरली होती" हे वाक्य आपण असं बोलतो जणू वाफ आभाळातून पडते. ती आपली असते! माणूस नुसत्या श्वासावाटे दिवसाला पाव लिटरच्या वर पाणी बाहेर टाकतो. घामाचं वेगळं, चहाचं वेगळं, ओल्या केसांचं आणि ओल्या पायपुसण्यांचं वेगळं. लहान गाडीच्या आत हवा असते साधारण तीन घनमीटर. दहा अंश तापमानाला एवढ्या हवेत जेमतेम तीस ग्रॅम पाणी वाफ होऊन राहू शकतं, म्हणजे दोन मोठे चमचे. आम्ही चौघं बडबडे आणि वर थर्मास. बाहेरच्या थंडीने काच गार पडलेली. जास्तीचं पाणी जाणार कुठे? काचेवरच बसणार. फ्रीजमधून काढलेल्या तांब्याला घाम येतो तोच हा प्रकार, फक्त इथे तांब्याच्या आत आपण बसलेलो असतो.

फडकं काय करतं? काचेवरचं थोडं पाणी टिपतं. हवेतलं पाणी तिथेच, काच तेवढीच गार, आपण तेवढेच बोलतोय. मग दोन मिनिटांत भाकरी पुन्हा करपते यात नवल कसलं? शिवाय फडक्याचा मळ आणि हाताचं तेल काचेवर फासलं जातं. तासाभराने समोरून सूर्य वर आला की ते फराटे चमकतात आणि मग धड वाफ नाही तरी दिसत नाही. आणि फडकं फिरवताना एक हात आणि अर्धं लक्ष गाडीवरून उडालेलं असतं. ताशी चाळीसच्या वेगाला गाडी सेकंदाला अकरा मीटर जाते. तीन सेकंद पुसा आणि हिशोब करा.

उपाय काही रॉकेट सायन्स नाही. गाडी सुरू करा. ब्लोअरचा झोत पुढच्या काचेवर घ्या, त्या बटणावर पंख्यासारखी काच आणि वर जाणारे नागमोडी बाण काढलेले असतात. तापमान गरमकडे. एसी चालू. आणि आतली हवा आतच फिरवणारं बटण (गाडीच्या चित्रात गोल वळलेला बाण) बंद, म्हणजे बाहेरची हवा आत येऊ दे. वाट बघा. इंजिन गार असतं तोवर हीटर गार वाराच मारतो, पण एसी तेवढ्यात कामाला लागलेला असतो. दोन-तीन मिनिटांत काच कोपऱ्यांपर्यंत साफ होते. (बंद गॅरेजात मात्र गाडी सुरू ठेवून बसू नका, तो धूर जीव घेतो.)

आता मामाचे आक्षेप. तो ते दर दिवाळीला मांडतो, म्हणून मला पाठ आहेत.

पहिला: थंडीत एसी कशाला? मामा, एसीचं काम नुसतं गार करणं नाही. एसी हवा आधी गार करतो, त्यात तिच्यातलं पाणी गळून गाडीखाली ठिबकतं. मग तीच कोरडी हवा हीटर गरम करून काचेवर सोडतो. कोरडी हवा काचेवरचं पाणी पिऊन टाकते. हे दोघं एकमेकांचे वैरी नाहीत, जोडीदार आहेत. मात्र दर दोन मिनिटांनी एसी बंद-चालू करू नका. बंद केला की आत साचलेलं पाणी पुन्हा हवेत येतं आणि काच एकदम झाकोळते, मग लोक म्हणतात "बघा, एसीने वाढलं."

दुसरा: पेट्रोल जळतं. जळतं ना. तीन मिनिटांत कटिंगच्या ग्लासाएवढंही नाही. त्या बाबांचं सांडलेलं दूध त्याहून महाग पडलं, आणि ते दूधच सांडलं म्हणून आपण सुटलो.

तिसरा: "आम्ही फियाट चालवली तीस वर्षं, फडक्यावर." खरंय. पण मामा, तुझ्या फियाटला पुढे ती तिरकी उघडणारी छोटी काच होती आणि दारांच्या फटींतून वारा शीळ घालायचा. ती गाडी आपोआप कोरडी राहायची, श्रेय फडक्याने घेतलं. आताच्या गाड्या डब्यासारख्या बंद असतात. हे मात्र मान्य करतो की काच चार बोटं खाली केली तरी वाफ कमी होते. तो प्रामाणिक उपाय आहे, फक्त मामी कुडकुडते.

चौथा आक्षेप जरा वजनदार आहे: "पावसाळ्यात कसारा घाटात एसी लावला तर काच उलट जास्तच धूसर होते." बरोबर! पण ती वाफ बाहेरून असते. पावसाळ्यात बाहेरची हवा दमट आणि उबदार, आणि एसीने काच आतून गार केलेली, मग पाणी बाहेरच्या अंगाला धरतं. तिथे वायपर मारा आणि एसीचा झोत काचेवरून हटवा. हिवाळ्यात नेमकं उलट. एका ऋतूचा धडा दुसऱ्या ऋतूत म्हणून दाखवला की असा घोळ होतो. ओळखायची खूण सोपी आहे: आतून बोट ओढा. रेघ उमटली तर वाफ आत आहे.

बटाटा, तंबाखू, शाम्पू, दाढीचा फेस यांचे भक्त आहेतच. फेसाने काही वेळ फरक पडतो, नाही असं नाही, कारण थेंब न बनता पाण्याचा सपाट थर होतो. पण हवेतलं पाणी त्याने कमी होत नाही, आणि नीट पुसलं नाही तर थर उन्हात चमकतो.

गंमत बघा. आपल्याकडे १९८९ च्या मोटार वाहन नियमांत लिहिलंय की पुढच्या आणि मागच्या काचेतून निदान ७० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने काळ्या फिल्मवर बंदी घातली, पोलिसांनी चौकाचौकांत फिल्म सोलल्या, लोकांनी दंड भरले. आणि वाफेने पांढरी झालेली काच घेऊन तेच लोक पहाटे बिनधास्त निघतात, कारण उजेड तर येतोय! उजेड येतो हो. माणूस येत नाही.

माझा मावसभाऊ इंग्लंडात असतो. तिथल्या वाहतूक नियमावलीच्या २२९ क्रमांकाच्या नियमात, बर्फाळ हवेत निघण्याआधी गाडीच्या सगळ्या काचांतून दिसलंच पाहिजे, आरसे स्वच्छ हवेत, वाफ पूर्ण घालवलेली हवी, असं सांगितलंय. तो हिवाळ्यात दहा मिनिटं लवकर उठतो. मामा म्हणतो, "तिकडे बर्फ असतो रे." असतो. आणि इकडे माणसं असतात. पहाटे साडेपाचला आपल्या रस्त्यांच्या कडेने दूधवाले असतात, द्राक्षाच्या कामाला निघालेल्या बायका असतात, शाळेची पोरं असतात, काळी घोंगडी घेतलेले म्हातारे असतात. दिवा नाही, फुटपाथ नाही. त्यांना आपण दिसतो. आपल्याला ते दिसायला हवेत ही जबाबदारी काचेच्या आत बसलेल्याची.

खरं सांगू? हा वाद एसीचा नाहीच. एसी नसेल तर काचा उघडा, तेही नको तर उन्हं येईपर्यंत थांबा. वाद त्या तीन मिनिटांचा आहे. आपण चहावाल्याकडे तीन मिनिटं थांबतो, गाडी काढताना नारळ फोडायला थांबतो, मुहूर्तासाठी तासभर थांबतो. पण दिसेपर्यंत थांबायचं म्हटलं की आपल्याला भयंकर उशीर होत असतो. पक्षी बघायला निघालेल्या चार माणसांना कसली घाई होती, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

गेल्या दिवाळीत मामाकडे गेलो होतो. डॅशबोर्डवर ते पिवळं फडकं तसंच. मी काही बोललो नाही. मामा, आता बोलतोय. फडकं ठेव, बाहेरून धूळ पुसायला कामाला येईल. पण या डिसेंबरात नांदूरला जाऊ तेव्हा काच कोपऱ्यापर्यंत साफ होईस्तोवर तू गिअर टाकायचा नाहीस. टाकलास तर मी उतरेन आणि मामीलाही उतरवेन.

चहा थांबल्यावरच पिऊ. थर्मास माझ्याकडे.