भूल कोण देणार, तेही विचारा

पिंगळीच्या माणसाला मोठे ऑपरेशन करायचे म्हटले की परभणी गाठावी लागते. सर्जन कोण, खर्च किती, सुट्टी कधी, हे घरचे खोदून खोदून विचारतात. भूल कोण देणार, हे सहसा कुणी विचारत नाही. टेबलावर रुग्णाच्या ठोक्यांची राखण मात्र तोच डॉक्टर करतो.

ठोके सांभाळायचे की नुसता श्वास, यावर निजामाच्या राजधानीत मोठा वाद झाला होता. परभणी तेव्हा त्याच राज्यात होती. हैदराबादचे सर्जन एडवर्ड लॉरी यांचा ठाम दावा होता, की क्लोरोफॉर्मने आधी श्वास थांबतो. तेव्हा श्वासावर नजर ठेवा, नाडीच्या मागे लागू नका. निजामाच्या आश्रयाने १८८८ आणि १८८९ मध्ये दोन आयोग बसले आणि निष्कर्ष लॉरींच्याच बाजूने लागले. पण १९११ मध्ये गुडमन लेव्ही यांनी मांजरांवरील प्रयोगांतून दाखवले, की क्लोरोफॉर्मची भूल अर्धवट असताना अ‍ॅड्रेनॅलिन वाढले तर हृदय नुसते थरथरते, रक्त पुढे ढकलत नाही.

क्लोरोफॉर्म गेले, धोका उरलाच. दुर्बिणीच्या ऑपरेशनसाठी पोटात वायू भरताना कधी ठोके एकाएकी मंदावतात. मॉनिटरवर सत्तर, पन्नास, चाळीस असा आकडा घसरतो. भूलतज्ज्ञ सर्जनला थांबवतो, वायू सोडायला लावतो, लागले तर अ‍ॅट्रोपिन देतो आणि आकडा पुन्हा चढतो. पाहणारा नसेल तर हीच दोन मिनिटे जीवावर बेततात.

रुग्णानेही काही लपवू नये. छातीत धडधड, चक्कर येऊन पडणे, घरात कुणाचा तरुणपणी झालेला अचानक मृत्यू, चालू असलेल्या गोळ्या, आदल्या दिवशीचे जुलाब-उलट्या, सगळे सांगावे. जुलाबाने पोटॅशियम घटते आणि ठोके बिघडू शकतात. त्यासाठी ऑपरेशन पुढे ढकलले तरी चालेल. हृदयाच्या गोळ्या मनानेच बंद करणे तर घातकच.

पूर्ण भूल लागणारे, आधी ठरवलेले कोणतेही ऑपरेशन भूलतज्ज्ञ, चालू मॉनिटर आणि तयार डिफिब्रिलेटर यांशिवाय होता कामा नये, शिबिरातही नाही. परभणीत २०२३ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. जिल्ह्याला हा दंडक त्याने घालून द्यावा आणि पिंगळीकरांनी तो हक्काने मागावा.