३.२ टक्के : माहिती प्रणालींच्या अभ्यासातील ज्ञानाचा वाद

कार्यालयांत संगणक शिरला आणि त्याच्या यशापयशाचा अभ्यास करणारी एक विद्याशाखा उभी राहिली : माहिती प्रणाली, म्हणजे इन्फर्मेशन सिस्टिम्स. तिचा इतिहास बहुधा यंत्रांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. परंतु तिच्यातील सर्वांत खोल वाद यंत्रांविषयी झालाच नाही. ‘एखादी गोष्ट कळली, असे केव्हा म्हणावे?’ हा तो वाद होता.

सप्टेंबर १९८४मध्ये मँचेस्टर येथे या शाखेतील संशोधकांची परिषद भरली. निसर्गविज्ञानाची पद्धत माणसांनी भरलेल्या कार्यालयाला पुरेशी आहे काय, हा तिचा कळीचा प्रश्न. पुढील वर्षी निघालेल्या ग्रंथाच्या संपादकांत एनिड ममफर्ड होत्या. गोदी कामगारांचे जीवन समजून घेण्यासाठी त्यांनी कधीकाळी गोदीच्या उपाहारगृहात नोकरी केली होती. केवळ प्रश्नावली वाटून माणूस कळत नाही, हे त्यांना कोणी शिकवायला नको होते.

परिस्थिती किती एकांगी होती, हे १९९१मध्ये वांडा ऑर्लिकोव्स्की आणि जॅक बारूदी यांनी दाखवले. १९८३ ते १९८८ या काळातील १५५ शोधनिबंध त्यांनी तपासले. ९६.८ टक्के प्रत्यक्षार्थवादी निघाले : गृहीतक मांडा, चल मोजा, पडताळा. माणसे आपल्या व्यवहाराला कोणता अर्थ देतात हे शोधणारे, म्हणजे अन्वयार्थवादी, ३.२ टक्के. सत्तासंबंधांची चिकित्सा करणारा निबंध एकही नाही.

मोजणीच्या वर्चस्वावरील सर्वांत गाजलेला आक्षेप मोजणी करूनच सिद्ध व्हावा, यातली गंमत दृष्टीआड करण्याजोगी नाही. त्या ३.२चा उल्लेख पुढे सर्वत्र झाला. वास्तविक अधिक खटकावे ते शून्य.

का, हे लिन मार्कस यांच्या १९८३च्या अभ्यासावरून कळते. एका मोठ्या कंपनीने (मार्कस तिला ‘गोल्डन ट्रँगल’ या कल्पित नावाने ओळखतात) आर्थिक हिशेबाची नवी संगणकीय प्रणाली आणली. विभागीय लेखापालांनी ती मनापासून स्वीकारली नाही. दुप्पट काम पडूनही जुनी पद्धत चालू ठेवल्याचे उदाहरण त्यात आहे. प्रश्नावलीत याची नोंद ‘वापरकर्त्यांचा प्रतिकार’ अशी झाली असती आणि उपाय म्हणून प्रशिक्षण सुचवले गेले असते. मार्कस यांनी वेगळे पाहिले. पूर्वी विभागांचे तपशील विभागांपाशीच राहत आणि मुख्यालयाला गोषवारा जाई. आता सगळे तपशील थेट मुख्यालयाच्या लेखापालांच्या हाती पडणार होते. विभागांना प्रणाली समजली नव्हती असे नाही; तिचा हेतू त्यांना नेमका उमगला होता.

गंमत म्हणजे १९८९मध्ये अॅलन ली यांनी हाच अभ्यास घेऊन, एकाच प्रकरणाचा अभ्यासही निसर्गविज्ञानाच्या कसोट्यांना उतरू शकतो, असे दाखवले. ज्या अभ्यासाकडे अन्वयार्थवाद्यांनी बोट दाखवावे, त्यावर विज्ञाननिष्ठांनीही हक्क सांगितला! तेव्हा हा सारा शब्दांचाच खेळ नव्हे काय? रॉन वेबर यांनी २००४मध्ये साधारण तसेच म्हटले : दोन पक्षांमधील भेद बव्हंशी वक्तृत्वाचा आहे.

हे मत सोयीचे आहे, पण पूर्ण पटणारे नाही. पुरावा आधीच हाती असेल, तर त्याचा उलगडा दोन्ही पक्ष सारख्याच काटेकोरपणे करू शकतील. मात्र कशाला पुरावा मानायचे, हा निर्णय त्याआधी झालेला असतो. लेखापालांचा संशय चुकीचा ‘प्रतिसाद’ मानायचा की साधार साक्ष? बखर आणि अस्सल पत्र यांचा झगडा माहीत असलेल्या इतिहासप्रेमींना हा प्रश्न परका वाटू नये.

मार्च १९९९चा ‘एमआयएस क्वार्टर्ली’चा अंक या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. त्यात हाइन्झ क्लाइन आणि मायकेल मायर्स यांनी अन्वयार्थवादी क्षेत्रकार्यासाठी सात तत्त्वे मांडली. त्यांच्या मुळाशी होते अर्थनिर्णयनाचे वर्तुळ : अंशावरून संपूर्ण आणि संपूर्णावरून अंश समजून घेणे. म्हणजे संहिता वाचण्याची जुनी विद्या संगणकाच्या अभ्यासाला कसोटी पुरवत होती.

त्याच अंकात जेफ वॉल्शम आणि सुंदीप साहाय यांचा भारतातील जिल्हा प्रशासनावरचा निबंध आहे. पडीक जमिनींच्या व्यवस्थापनासाठी भौगोलिक माहिती प्रणाली, म्हणजे जीआयएस, उभारण्याचे प्रयत्न झाले, पण ती रोजच्या कामात रुजली नाही. यंत्र आणि प्रशिक्षण यांपलीकडे जाऊन लेखकांनी नकाशाकडे पाहिले. नकाशा पाहून निर्णय घेण्याची सवय ज्या कामकाजात मुरलेली नाही, तेथे नकाशावरच उभे असलेले तंत्रज्ञान आले होते. शिवाय एकाच भूभागाविषयीची निरनिराळ्या खात्यांची माहिती ते एकावर एक रचू पाहत होते. खाती मात्र आपापल्या चौकटीत काम करत होती.