बोनसचा रुपया आणि एकशे चार पैशांचा कर

२०२५ च्या दिवाळीनंतर गुरुग्रामहून माझ्या भाच्याचा फोन आला. तो तेथे एका खासगी कंपनीत नोकरी करतो. नेहमीची विचारपूस झाल्यावर तो म्हणाला, "मामा, तुम्ही इतकी वर्षे सरकारात काढलीत, तेव्हा एक गोष्ट समजावून सांगा. मला साठ हजार बोनस मिळाला आणि त्या महिन्यात खात्यावर नेहमीपेक्षा कमी पैसे जमा झाले. हा बोनस होता की दंड?"

मी त्याला वेतनचिठ्ठी पाठवायला सांगितली. कंपनीच्या हिशेबात चूक असेल असे मला वाटले होते. आहरण व संवितरण अधिकारी म्हणून मी अनेक वर्षे कर्मचाऱ्यांच्या आयकराच्या विवरणांवर सह्या केल्या आहेत, आणि अशा तक्रारींच्या मुळाशी बहुधा एखादी बेरजेची चूक निघते हा माझा अनुभव. या वेळी मात्र बेरीज बरोबर होती. कायदाही बरोबर लावला होता. आणि भाच्याची तक्रारही खरी होती. या तिन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, हे सांगण्यासाठी हा लेख.

प्रथम एक सार्वत्रिक गैरसमज दूर केला पाहिजे. बोनसवर वेगळ्या, जास्त दराने कर लागतो असे पुष्कळ नोकरदार समजतात. तसे नाही. आयकराच्या दृष्टीने बोनस हा पगारच असतो. १९६१ च्या आयकर कायद्यातील कलम १९२ प्रमाणे मालकाने कर्मचाऱ्याच्या पूर्ण वर्षाच्या उत्पन्नाचा अंदाज घ्यायचा, त्यावरील कर काढायचा आणि तो सरासरी दराने पगारातून कापायचा. मध्येच बोनस दिला गेला की वर्षाचा अंदाज वाढतो आणि वाढलेला कर उरलेल्या महिन्यांत वसूल करावा लागतो. काही कार्यालये तो पुढील महिन्यांवर विभागतात, तर काही बोनसच्याच महिन्यात एकदम कापतात. कायद्याला दोन्ही चालते. २०२५ साली संमत झालेल्या नव्या आयकर कायद्यातही पगारावरील कर कापण्याचे हे तत्त्व बदललेले नाही.

एक उदाहरण घेऊ. आकडे वित्तीय वर्ष २०२५-२६ च्या नव्या करप्रणालीचे आहेत; हिशेब सोपा राहावा म्हणून भविष्यनिर्वाह निधीसारख्या इतर कपाती धरलेल्या नाहीत. वार्षिक पगार १४,७५,००० रुपये. त्यातून ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट गेली की करपात्र उत्पन्न १४ लाख. त्यावर कर ९०,००० रुपये आणि ४ टक्के उपकर धरून ९३,६०० रुपये, म्हणजे महिन्याला ७,८०० रुपये. आता एक लाख रुपये बोनस मिळाला. या लाखावर १५ टक्के दराने १५,००० आणि उपकराचे ६०० असे १५,६०० रुपये जास्तीचे द्यावे लागतात. बोनसमधील ८४,४०० रुपये हाती राहतात. परंतु हा सगळा कर एकाच महिन्यात कापला, तर वेतनचिठ्ठीवर ७,८०० च्या जागी २३,४०० रुपये दिसतात. त्या महिन्याची रक्कम दुपटीलाही पोचत नाही आणि कर मात्र तिप्पट होतो. कर्मचाऱ्याला आपण लुटलो गेलो असे वाटते. प्रत्यक्षात अन्याय झालेला नसतो. कमी पडलेले असते ते दोन ओळींचे स्पष्टीकरण.

आता भाच्याचा हिशेब पाहू. त्याचा वार्षिक पगार गोळाबेरीज १२,७५,००० रुपये, म्हणजे महिन्याला १,०६,२५० रुपये. प्रमाणित वजावटीनंतर करपात्र उत्पन्न बरोबर १२ लाख. २०२५ च्या अर्थसंकल्पाने नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावरील ६०,००० रुपयांचा कर सवलत देऊन पूर्ण माफ केला. म्हणून बोनस मिळेपर्यंत त्याच्या चिठ्ठीत आयकराच्या रकान्यात शून्य होते. मग ६०,००० रुपये बोनस आला आणि करपात्र उत्पन्न १२,६०,००० झाले. १२ लाखांची मर्यादा ओलांडताच ती सवलत नाहीशी होते. टप्प्यांप्रमाणे कर होतो ६९,००० रुपये. येथे सीमांत सवलतीचा नियम मदतीला येतो: मर्यादेच्या वर जेवढे उत्पन्न, त्यापेक्षा जास्त कर घ्यायचा नाही. म्हणून कर ६०,००० रुपयांवर थांबतो. पण ४ टक्के उपकर त्यानंतर लागतो, तो २,४०० रुपये. एकूण ६२,४००.

बोनस ६०,००० आणि कर ६२,४००. त्या महिन्यात १,६६,२५० मधून ६२,४०० वजा होऊन त्याच्या खात्यावर १,०३,८५० रुपये आले; नेहमीपेक्षा २,४०० कमी. बोनसच्या प्रत्येक रुपयावर एकशे चार पैसे कर. याच पगारावर बोनस सुमारे ७४ हजारांच्या पुढे गेला, तरच त्यातला पहिला रुपया कर्मचाऱ्याच्या हाती पडतो. पूर्ण एक लाख बोनस मिळाला तरी ७८,००० रुपये कर जाऊन २२,००० उरतात. तोच एक लाख १४ लाखांच्या करपात्र उत्पन्नावर मिळवणाऱ्याच्या हाती ८४,४०० रुपये राहतात, हे वर आपण पाहिलेच. म्हणजे जास्त पगारवाल्याचा बोनस सुरक्षित आणि त्याच्याहून कमी पगारवाल्याचा बोनस जवळजवळ जप्त, असा हा प्रकार आहे.

येथे कोणी म्हणेल की, बारा लाख मिळवणाऱ्याबद्दल एवढा कळवळा कशाला? आक्षेप योग्य आहे, म्हणून बोनसचा इतिहास थोडक्यात सांगतो. आपल्याकडे बोनसची चर्चा मुंबईच्या कापड गिरण्यांतून सुरू झाली. पहिल्या महायुद्धात महागाई वाढली तेव्हा, १९१७ साली, गिरणीमालकांनी कामगारांना युद्ध बोनस दिला. पुढे तो नाकारला गेला तेव्हा १९२४ साली मोठा संप झाला. १९५० मध्ये श्रम अपील न्यायाधिकरणाने नफ्यातील वाट्याचे सूत्र घालून दिले, आणि १९६५ मध्ये बोनसचा कायदा झाला. त्यानुसार किमान बोनस ८.३३ टक्के, म्हणजे वर्षातील एका महिन्याचा पगार, आणि कमाल २० टक्के. नोव्हेंबर २०२५ मध्ये वेतन संहिता, २०१९ अमलात आली आणि हा विषय तिच्या कक्षेत गेला. २०१५ च्या दुरुस्तीने या कायदेशीर बोनसची पात्रता महिना २१,००० रुपयांपर्यंतच्या पगाराला होती. एवढ्या पगारावर आयकर लागतच नाही. तेव्हा गिरणी कामगाराच्या परंपरेतला जो बोनस, त्याला आयकराचा धक्का बसत नाही. केंद्र सरकारच्या अनेक कर्मचाऱ्यांना मिळणारा ६,९०८ रुपयांचा किंवा रेल्वे कर्मचाऱ्यांचा १७,९५१ रुपयांचा बोनस करपात्र असला, तरी रक्कमच लहान असल्याने एरवी त्यावरचा कर फारसा खुपत नाही.

परंतु या लहान रकमाही बारा लाखांच्या सीमेवर उभ्या असलेल्या कर्मचाऱ्याला नकोशा होऊ शकतात. आणि प्रश्न कळवळ्याचा नाही, नियमाच्या रचनेचा आहे. कराने उत्पन्न कमी व्हावे हे मान्य. पण जास्त मिळवल्यामुळे हाती कमी यावे हे कोणत्याही करपद्धतीत समर्थनीय नाही. ज्या बोनसचा हेतूच अधिक कामाला उत्तेजन देण्याचा, त्याच्याकडे कर्मचारी संकट म्हणून पाहू लागला तर दोष त्याचा नव्हे.

आपले प्रशासन यातून काही शिकलेले नाही असेही नाही. २०१९ मध्ये करसवलतीची मर्यादा पाच लाख झाली तेव्हा सीमांत सवलत नव्हती. पाच लाखांवर कर शून्य आणि त्यापुढे जराशी रक्कम वाढली की १३,००० रुपये, असा तो कडा होता. २०२३ मध्ये नव्या प्रणालीत सात लाखांच्या मर्यादेला सीमांत सवलत जोडली गेली, आणि २०२५ मध्ये तीच पद्धत बारा लाखांना लागू झाली. कडेलोट टळला, पण पायथ्याशी सत्तर हजार रुपये रुंदीचा असा पट्टा तयार झाला की ज्यात चालणाऱ्याच्या पदरी काहीच पडत नाही.

यावर उपाय अवघड नाही. पहिली दुरुस्ती अगदी छोटी: सीमांत सवलत मोजताना उपकरही धरावा, म्हणजे रुपयावर एकशे चार पैसे घेण्याची नामुष्की तरी टळेल. दुसरी दुरुस्ती खरी: सवलत एकदम काढून घेण्याऐवजी हळूहळू कमी करावी. उदाहरणार्थ, बारा लाखांपुढील प्रत्येक रुपयामागे तीस पैसे सवलत घटवली, तर ६०,००० रुपयांची सवलत चौदा लाखांवर संपेल. भाच्याच्या ६०,००० बोनसवर तेव्हा २८,०८० रुपये कर लागेल. कर भारीच, पण निम्म्याहून अधिक बोनस घरी जाईल. यात सरकारचा काही महसूल बुडेल हे मी लपवत नाही. मात्र प्रामाणिकपणे पगार दाखवणाऱ्या आणि ज्याचा कर हातात येण्याआधीच कापला जातो अशा वर्गाकडून तो वसूल होत आहे, याचीही नोंद घ्यावी.

तिसरी गोष्ट कायद्याविना करता येईल. बोनसच्या महिन्यात वेतनचिठ्ठीवर तीन आकडे वेगळे द्यावेत: नेहमीचा कर, बोनसमुळे वाढलेला कर आणि वर्षाचा एकूण अंदाजित कर. सरकारी कार्यालयांत फेब्रुवारीचा पगार आयकराचा असे आम्ही हसून म्हणत असू. पण महिन्याचा हप्ता कसा भरायचा या विवंचनेत असलेल्या लिपिकाला त्यात हसण्यासारखे काही नसे. आधी सांगितले असते, तर त्याने तजवीज केली असती.

भाच्याला मी हा सगळा हिशेब कागदावर मांडून पाठवला. सोबत एक सल्लाही दिला: पुढील वर्षी पगाराची रचना ठरताना, राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेतील मालकाचा वाटा वाढवता येतो का ते कंपनीला विचार, मूळ पगार व महागाई भत्ता यांच्या १४ टक्क्यांपर्यंतचा हा वाटा नव्या प्रणालीतही वजा होतो. त्याने तो मानला. फोन ठेवताना मात्र एक प्रश्न त्याने विचारलाच: "मामा, हा हिशेब जर तुम्हाला एका संध्याकाळी करता येतो, तर नियम करणाऱ्यांना तो आधी करता आला नसता का?"

या प्रश्नाचे उत्तर मला देता आले नाही. ते ज्यांनी द्यायचे, त्यांच्यात मीही अनेक वर्षे होतो.