संयम वेगळा, दिरंगाई वेगळी

युद्ध पेटले की आपल्या दिवाणखान्यांतून सेनापतींची वाण राहत नाही. सैन्य इतके मंद का, इतके हात राखून का लढते, हे प्रश्न १९९९ च्या उन्हाळ्यातही घरोघर निघाले. कारगिलचा तो अनुभव समोर ठेवून आम्ही एवढेच म्हणू की, संयम ही एक गोष्ट आहे आणि दिरंगाई ही दुसरी. दोहोंचा हिशेब एकाच वहीत मांडू नये.

नियंत्रण रेषा ओलांडावयाची नाही, ही आज्ञा सरकारची होती. शत्रूची रसद रेषेपलीकडून येत होती. ती तेथेच तोडणे लष्करीदृष्ट्या सोयीचे झाले असते. परंतु वर्षापूर्वीच, मे १९९८ मध्ये, दोन्ही देशांनी अणुचाचण्या केल्या होत्या, आणि जगाचे मत आपल्या बाजूस राखावयाचे होते. ते राहिलेही. मात्र त्याची किंमत दिल्लीतील कचेऱ्यांनी दिली नाही. उघड्या कड्यांवर शत्रूच्या माऱ्याखाली चढणाऱ्या जवानांनी दिली. तोलोलिंग १३ जूनला हाती आले, टायगर हिल ४ जुलैला. आणि या युद्धात आपल्या ५२७ वीरांनी प्राण वेचले.

लढता लढता सैन्याने पद्धत बदलली नाही, असे कोण म्हणेल? २७ व २८ मे रोजी दोन विमाने व एक हेलिकॉप्टर गमावताच सशस्त्र हेलिकॉप्टरे हल्ल्यातून काढून घेण्यात आली, विमाने अधिक उंचीवरून मारा करू लागली, आणि जूनअखेरीस मिराज विमानांनी लेसरने नेम साधणारे बाँब टाकले. बोफोर्स तोफा शिखरांवर थेट नेम धरून डागण्यात आल्या. विरळ हवेची सवय होण्यासच जेथे दिवस लागतात, तेथे याहून अधिक घाई म्हणजे जवानांचा व्यर्थ बळीच.

खरी दिरंगाई तोफा थंडावल्यानंतरची! सुब्रह्मण्यम समितीने उणिवा दाखविल्या. तिन्ही दलांत मेळ घालण्यासाठी संरक्षण दल प्रमुख नेमावा, असे मंत्रिगटाने २००१ मध्ये सुचविले. ते पद प्रत्यक्ष भरले गेले १ जानेवारी २०२० रोजी. या अठरा वर्षांहून अधिक विलंबाला कोणत्या कड्याची, कोणत्या विरळ हवेची सबब सांगावयाची?

युद्धातील संयम आम्ही शिरोधार्य मानतो. पण जे राष्ट्र आपल्या जवानांकडून संयम मागते, त्याला शांततेच्या काळात आळस करण्याचा अधिकार उरत नाही. सेनापतीला घाई करण्यापूर्वी, आपण राज्यकर्त्यांना कधी घाई केली काय, हे नागरिकांनी स्वतःस विचारावे.