काडतूस भरायची प्रेस आपल्या घरात नको



आज लोणचं नाही, चातुर्मासाचे नियमही नाहीत. आज विषय आहे आजेसासऱ्यांच्या काळापासून कपाटात असलेल्या रिव्हॉल्व्हरचा. हसू नका, आपल्यात अशी घरं वाटतात तितकी कमी नाहीत. सावकारी होती, कापसाचा नाहीतर धान्याचा व्यापार होता, रोकड घेऊन बाजारच्या गावी जावं लागायचं. म्हणून कुणीतरी परवाना काढला. पुढे धंदा बदलला, वाडा विकला, कुटुंब नवीन पनवेलच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये आलं, आणि ती वस्तू चांदीच्या भांड्यांच्या मागे तशीच राहिली.

आता त्या वस्तूला नवे हौशी भेटलेत. कुणाचा भाचा अमेरिकेत असतो, कुणाचा मुलगा रात्री बारापर्यंत व्हिडिओ बघतो. "मामी, काडतुसं किती महाग पडतात! एक छोटी रीलोडिंग प्रेस घेऊ, घरीच भरू." मग चर्चा रंगते: पहिली प्रेस एका वेळी एकच काम करणारी साधी घ्यावी, की फिरत्या डोक्याची, की सगळं सलग करणारी? मिक्सर घेताना करतो तशीच चर्चा. कोणती घ्यावी यावर तासभर बोलणं होतं, आणि घ्यावी का हे कुणी विचारतच नाही.

मी विचारते. आणि उत्तरही देते: घेऊ नये. साधीसुद्धा नाही, भेट म्हणून आली तरी नाही.

आधी कायद्याचं बोलू, कारण धर्माचं काढलं की मुलं लगेच "मामी, तुमचं आपलं..." म्हणून उठून जातात. आपल्याकडे शस्त्र अधिनियम, १९५९ लागू आहे. त्यात दारूगोळ्याची व्याख्या नुसत्या काडतुसापाशी थांबत नाही. दारूगोळ्याचे भाग आणि दारूगोळा तयार करायची यंत्रसामग्रीही त्याच व्याख्येत येते. म्हणजे टेबलाला पकडलेली ती लोखंडी प्रेस, तिच्यात एकही काडतूस भरलेलं नसलं तरी, कायद्याच्या नजरेत दारूगोळाच. ती परदेशातून आणायची तर कलम १० प्रमाणे आयातीचा परवाना लागतो. दारूगोळा तयार करायचा तर कलम ५ प्रमाणे उत्पादनाचा परवाना लागतो. आजोबांच्या नावावरचा रिव्हॉल्व्हर बाळगण्याचा परवाना या दोन्हींपैकी कशालाच पुरत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना उत्पादनाला किमान सात वर्षं ते जन्मठेप अशी शिक्षा आहे. "बॅगेतून आणतो, कुणाला कळत नाही" असं म्हणणाऱ्या भाच्याने हे वाक्य दोनदा वाचावं. दारूसाठी स्फोटकांचा कायदा आणखी वेगळा आहे, आणि तो बघणारी पेसो ही संस्था इथे आपल्या महाराष्ट्रातच, नागपूरला आहे.

अमेरिकेत लोक गॅरेजमध्ये काडतुसं भरतात हे खरं आहे. तिथे तो उघड छंद आहे, दुकानात साहित्य मिळतं, आठवड्याला शेकडो गोळ्या मैदानावर उडवणाऱ्याला त्यात पैसेही वाचतात. आपल्याकडे नेमबाजीच्या संघटनांसाठी आणि खेळाडूंसाठी वेगळ्या तरतुदी आहेत, आणि आपल्या महाराष्ट्राच्या नेमबाज मुलींचा मला अभिमान आहे. पण तुमच्या कपाटातला रिव्हॉल्व्हर मैदानावर जात नाही. तो कुठेच जात नाही. गेल्या वीस वर्षांत त्यातून किती गोळ्या सुटल्या ते घरातल्या मोठ्यांना विचारा. बहुतेक घरांत उत्तर शून्य येईल. शून्य गोळ्यांवर बचत किती होणार? आपण वाण्यांची माणसं, हा हिशेब तरी आपल्याला जमायला हवा. .३२ चं काडतूस खडकीच्या कारखान्यात तयार होतं, पनवेलहून घाट चढला की पुण्याच्या उंबऱ्यावर. तो कारखाना १८६९ पासून हेच काम करतो आहे. परवानाधारक विक्रेत्याकडून घेतलेल्या काडतुसाची नोंद परवान्यावर होते. घरी भरलेल्याची नोंद कुठे करणार? निवडणुकीची आचारसंहिता लागली आणि शस्त्र जमा करायला सांगितलं, की मोजणीत जास्तीची काडतुसं निघतात. मग पोलीस ठाण्याच्या बाकावर कोण बसणार, अमेरिकेतला भाचा?

आणि जुन्या रिव्हॉल्व्हरची तब्येत कुणी बघितली आहे का? दारू जास्त पडली तर चक्री हातात फुटते. कमी पडली तर गोळी नळीतच अडकते, आणि पुढची सुटली की नळी फाटते. पुंगळीच्या बुडाशी बसवायची टोपी ठोक्याने पेटते, तिचं कामच ते आहे. शिशाची धूळ लहान मुलांना किती वाईट हे कुठल्याही बालरोगतज्ज्ञाला विचारा. आणि हे सगळं कुठे करणार? जिथे नातू रांगतो त्या हॉलमध्ये, की जिथे मी पाणी गाळते त्या ओट्यावर?

आता धर्माचं, कारण मला खरं बोलायचं आहे ते हेच.

आपण श्रावकाच्या बारा व्रतांमध्ये अनर्थदंड विरमण व्रत घेतो. प्रतिक्रमणात त्याचे पाच अतिचार म्हणतो. घाईघाईत म्हणतो, म्हणून त्यातला एक शब्द कानावरून जातो: संयुक्ताधिकरण. अधिकरण म्हणजे हिंसेचं साधन. संयुक्त म्हणजे जोडलेलं, वापरायला तयार. आपल्या आचार्यांनी याची उदाहरणं अगदी घरगुती दिली आहेत: उखळाजवळ मुसळ, नांगराला फाळ, धनुष्याला बाण. गृहस्थाला साधनं लागतात हे त्यांना ठाऊक होतं. त्यांचं म्हणणं एवढंच, की गरज नसताना ती जोडून, सज्ज करून ठेवू नका, कारण सज्ज वस्तू कुणीही उचलतं. शेजारी मागतो, रागावलेला मुलगा घेतो. जोडणीत जो वेळ जातो त्यात राग उतरतो.

आता प्रेस काय करते ते बघा. रिकामी पुंगळी, टोपी, दारू आणि शिशाची गोळी, या चार वस्तू वेगळ्या असतात तोवर काडतूस नसतं. त्या चारही एकत्र बसवणं हे त्या यंत्राचं एकमेव काम. तिच्याने ना पीठ मळलं जातं, ना खिळा ठोकला जातो. विळी, सुरी, मिक्सर यांचा दुसरा उपयोग असतो, म्हणून आपण यतनेने वापरतो. प्रेसचा दुसरा उपयोग मला कुणी दाखवून द्यावा. मी कांदा-लसूण घरात येऊ देत नाही आणि संयुक्ताधिकरणाचा कारखाना टेबलाला बसवू, हे मला पटत नाही. हेमचंद्राचार्यांनी योगशास्त्रात पंधरा कर्मादानं सांगताना विषवाणिज्यात शस्त्रांनाही धरलं आहे. मग ज्या वस्तूचा धंदा निषिद्ध, तिचा छंद कसा चालेल?

इथे कुणीतरी चामुंडराय काढतंच. गंग राजांचा सेनापती, पक्का जैन, श्रवणबेळगोळची गोमटेश्वराची मूर्ती त्यानेच घडवून घेतली. हो, खरं आहे. विरोधी हिंसा गृहस्थाला पूर्ण टाळता येत नाही, हे शास्त्रानेच मान्य केलं आहे. राज्याचं रक्षण करणारा सेनापती आणि रविवारी दुपारी कंटाळा आला म्हणून काडतुसं भरणारा इंजिनियर यांना एका ओळीत बसवू नका. चामुंडरायाला शत्रू होता. तुमच्या सोसायटीत वॉचमन आहे, आणि त्याच्याशीही तुमचं भांडण पार्किंगवरूनच होतं.

"पण ही आजोबांची आठवण आहे." हे मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. आठवण खरी असते. पण आठवण जपायला काडतूस लागत नाही. आजोबांची चष्म्याची डबी आपण जपतो, तिच्यात नव्या काचा बसवून घेत नाही.

आता मैत्रिणींनो, जरा कान इकडे करा, कारण यातला सगळ्यात मोठा धोका तुम्हाला आहे. परवाना पुरुषाच्या नावावर असतो आणि कपाटाची किल्ली बाईच्या कमरेला. परवानाधारक वारला की परवाना त्याच्याबरोबर संपतो, वस्तू मात्र कपाटातच राहते. त्या दिवसापासून ती तुमच्या ताब्यात आहे, आणि परवान्याशिवाय शस्त्र बाळगलं तर दोन ते पाच वर्षांची शिक्षा आहे. कलम २१ सांगतं, की अशी वस्तू विनाकारण उशीर न लावता जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची. सुतकात कुणाला हे सुचत नाही, म्हणून आत्ताच बोलून ठेवा. रिव्हॉल्व्हरसोबत ठेवलेली प्रेस आणि दारूचा डबा निघाला, तर "मला यातलं काही कळत नाही" असं सांगून सुटका होईल असं समजू नका.

मोठी माणसं हयात असतानाच हे मार्गी लावता येतं. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवानाधारकाचं वय सत्तर झालं, किंवा शस्त्र बाळगून पंचवीस वर्षं झाली, यातलं जे आधी होईल तेव्हा त्याने नेमलेला वारस परवान्यासाठी अर्ज करू शकतो. नवीन पनवेलकरांचा अर्ज नवी मुंबई पोलीस आयुक्तांकडे जातो, आयुक्तालयाच्या बाहेरच्या रायगडमधल्यांचा अलिबागला जिल्हाधिकाऱ्यांकडे. २०१९ पासून एका माणसाला जास्तीत जास्त दोन बंदुका ठेवता येतात, वारशानेसुद्धा. त्यामुळे "दोन रिव्हॉल्व्हर आणि एक बारा बोअर, तिन्ही धाकट्याला" ही वाटणी चालत नाही. आणि कुणालाच नको असेल, तर परवानाधारक विक्रेत्यामार्फत रीतसर विकता येते.

आमच्या नात्यातल्या एका काकूंनी तेच केलं. काकांच्या तेराव्याच्या आत वस्तू आणि उरलेली काडतुसं ठाण्यात जमा केली. तिथल्या माणसाने "नंतर या" म्हणून एकदा परत पाठवलं, दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा जाऊन बसल्या. तुम्ही गेलात तर पोचपावतीवर शस्त्राचा क्रमांक, काडतुसांची संख्या आणि तारीख या तिन्ही गोष्टी लिहून घ्या, आणि परवान्याची मूळ प्रत देण्याआधी तिची झेरॉक्स काढून ठेवा.