भाडे घराचे, की गावाचे?

हॉटेलात उतरलेल्या माणसाला आपली पायरी ठाऊक असते. खोली आपली, बाकीचं हॉटेल मालकाचं, हे त्याला कळतं. पण हाच माणूस एखाद्या खेड्यात आठवडाभर सुटीचं घर भाड्यानं घेतो, तेव्हा त्याला वाटू लागतं की घराबरोबर आजूबाजूचं गावही आपल्याच ताब्यात आलं. मग तो गावाला शिस्त लावायला निघतो. या जातीच्या माणसांविरुद्ध मला आज चार शब्द बोलायचे आहेत. चाराचे चाळीस झाले तर वाचकांनी सांभाळून घ्यावं.

आमचे मेहुणे तुलूजला विमानाच्या कारखान्यात नोकरीला आहेत. त्यांच्या कृपेनं सप्टेंबरातला एक आठवडा आम्ही दक्षिण फ्रान्समधल्या मिनर्वा भागात, द्राक्षमळ्यांच्या एका गावात काढला. तिकडे अशा घराला ‘जीत’ म्हणतात. (नावावरून हुरळून जाऊ नये, भाडं भरताना आपली हारच असते.) शनिवारी दुपारी ताबा, पुढच्या शनिवारी सकाळी रिकामं. चादरींचे वेगळे, झाडलोटीचे वेगळे, वर अनामत तीनशे युरो. घरमालकीणबाईंनी यादी पुढे ठेवून चमचे मोजून घेतले. सौ. पुटपुटली, “अहो, आपण काय चमचे पळवायला आलोय?” मला मात्र बाईंविषयी आदर वाटला. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि पोटानं बँकेतला कारकून. तारण मोजून घेणारा माणूस मला सज्जनच वाटतो.

अशा घरांत एक वही ठेवलेली असते. जाताना पाहुण्यांनी तीत अभिप्राय लिहायचा. बँकेत वीस वर्षं काढलेल्या माणसापुढे वही आली की तो पहिल्या पानापासून तपासायला घेतो. फ्रेंच, इंग्रजी, जर्मन अशा नाना भाषांतल्या नोंदी मेहुण्यांनी वाचून दाखवल्या. जमेच्या बाजूला सगळ्यांचं एकमत होतं : “किती खरंखुरं खेडं!” खर्चाच्या बाजूलाही एकमतच होतं : घंटा फार वाजते, दुकानं बंद असतात, ट्रॅक्टर पहाटे जातात, कोंबडा आरवतो. म्हणजे खेडं खरंखुरं हवं, पण त्यानं आवाज करता कामा नये, वास मारता कामा नये आणि दुपारी झोपता कामा नये. असं खेडं सिनेमाच्या स्टुडिओत मिळतं. तिकडे जावं की!

आता ही कलमं एकेक घेऊ.

कलम पहिलं, घंटा. तिकडच्या बऱ्याच गावांत देवळातलं घड्याळ तासाचे ठोके देतं आणि एक-दोन मिनिटांनी तेच ठोके पुन्हा देतं. मळ्यात वाकून काम करणाऱ्याचा पहिल्या खेपेला हिशेब चुकला, तर दुसऱ्या खेपेला पडताळा घेता यावा! मध्यरात्री म्हणजे चोवीस ठोके होतात, हे मला मान्य आहे. पण आमच्या बँकेतसुद्धा नोटा दोनदा मोजतात. जे आम्ही दुसऱ्यांच्या पैशाबाबत करतो, ते ही माणसं स्वतःच्या वेळेबाबत करतात. यात तक्रार कसली?

कलम दुसरं, दुकानं. बारा वाजले की गावातलं किराण्याचं दुकान बंद. थेट दोनच्या पुढे उघडायचं. एक परदेशी गृहस्थ त्या बंद दारापुढे घड्याळ दाखवत येरझाऱ्या घालत होते. माझे मात्र डोळे भरून आले. आमच्याकडे कारकुनानं भाकरीचा तुकडा तोंडात घातला, की खिडकीबाहेरून दहा आवाज उठतात : “जेवण काय रोजचंच आहे!” रोजचंच आहे म्हणून तर रोज जेवावं लागतं. इथे एक अख्खं गाव खुर्चीवर बसून, गरम गरम, बायकापोरांबरोबर जेवत होतं आणि त्याची कुणाला लाज वाटत नव्हती. ही संस्कृती टिकली पाहिजे, मग आमचं लोणी एक दिवस उशिरा आलं तरी चालेल.

कलम तिसरं, ट्रॅक्टर. आम्ही गेलो ते दिवस द्राक्षतोडणीचे. तिथली बरीचशी तोडणी यंत्रानं होते आणि ते यंत्र पुष्कळदा रात्रीच काम करतं. वेलींच्या रांगेवर दोन्हीकडे पाय टाकून उभा असलेला, दिवे लावलेला हा राक्षस रात्री तीन वाजता खिडकीबाहेरून गेला, तेव्हा सौ.नं रामरक्षा सुरू केली. यात शेतकऱ्याला हौस नाही. दिवसाच्या उन्हात तोडलेली द्राक्षं लवकर बिघडू लागतात, रात्रीच्या गारव्यात त्यांचा स्वाद टिकतो. सकाळी याच द्राक्षांच्या ट्रॉल्या सहकारी संस्थेपुढे रांगेत उभ्या असतात. होय, सहकारी! त्या मुलखात मरोसाँ नावाच्या गावी 1901 साली द्राक्षबागायतदारांनी सहकारी संस्था काढली, पुढे गावोगाव तशा निघाल्या. आमच्या प्रवरेचा साखर कारखाना त्यानंतर जवळजवळ पन्नास वर्षांनी आला. ट्रॉलीची रांग, वजनकाटा, भावावरून कुरकुर, सगळं ओळखीचं. फरक इतकाच, की संस्थेच्या दुकानात गिऱ्हाईक डबा घेऊन येतं आणि पेट्रोलपंपासारख्या नळीनं लिटरवर वाईन भरून नेतं. हीच वाईन पिऊन वहीत ट्रॅक्टरविरुद्ध लिहायचं, याला मराठीत खाल्ल्या घरचे वासे मोजणं म्हणतात.

तुम्ही म्हणाल, वहीतल्या चार ओळींवरून एवढं काय चिडायचं? पण प्रकरण वहीत थांबत नाही. 2018 साली वार जिल्ह्यातल्या ल बोसे गावी काही पर्यटकांनी सरपंचाकडे मागणी केली, की झाडांवर किर्र करणारे सिकाडा किडे औषध मारून गप्प करा. ओलेराँ बेटावर मोरिस नावाच्या कोंबड्यावर शेजारच्या सुटीघरवाल्यांनी दावा ठोकला. 2019 च्या सप्टेंबरात रोशफोरच्या न्यायालयानं कोंबड्याच्या बाजूनं निकाल दिला, वर मालकिणीला हजार युरो भरपाई देवविली. अखेर 29 जानेवारी 2021 रोजी फ्रान्सनं कायदाच केला, की खेड्यातले आवाज आणि वास हा देशाचा वारसा आहे. एप्रिल 2024 मध्ये आणखी एक कायदा झाला : जो धंदा तुमच्या आधीपासून रीतसर चालू आहे, त्याच्या त्रासाबद्दल मागाहून येऊन भरपाई मागता येणार नाही. कोंबड्याला आरवण्यासाठी संसदेचा आधार घ्यावा लागावा, यापरती पाहुण्यांच्या वागणुकीवर टीका ती कोणती!

“आम्ही पैसे मोजलेत, शांतता मागितली तर काय बिघडलं?” हा प्रश्न मी डावलत नाही. नळाला पाणी नसेल, गादीत ढेकूण असतील, तर खुशाल भांडा, मी तुमच्या बाजूनं अर्ज लिहून देईन. फवारणीचंही तसंच. नाशिकचा बागायतदार जे बोर्डो मिश्रण मारतो, ते नाव मुळात फ्रान्सच्याच बोर्दोचं. औषधाचा फवारा खिडकीतून घरात येत असेल, तर तो आरोग्याचा प्रश्न आहे आणि तिथे 2020 पासून फवारताना घरांपासून काही मीटर अंतर सोडायचा नियमही आहे. पण विष वेगळं आणि घंटा वेगळी. घर बिघडलं तर घरमालकाला बोला. गाव तुमच्या पावतीत लिहिलेलं नसतं.

आणि ही घरं भाड्यानं द्यायची रीत पडली कशासाठी? 1951 च्या सुमारास एमील ओबेर नावाच्या सेनेटरनं हा उद्योग सुरू केला, तो ओस पडणारी खेड्यातली घरं उभी राहावीत, शेतकऱ्याच्या हाती दोन पैसे यावेत आणि शहरातल्या बेताच्या कमाईच्या माणसाला परवडणारी सुटी मिळावी म्हणून. म्हणजे आमच्यासारख्यांची सोय हा गाव जगवण्याचा उपाय होता. आता उपायच रोग्याचा गळा धरू लागला, तर काय करायचं? संध्याकाळी गावातून फिरताना मी सहज खिडक्या मोजल्या. (मोजल्याशिवाय मला राहवत नाही.) आमच्या गल्लीत अकरा घरं आणि दिवे चार घरांत. उरलेली सात पाहुण्यांची वाट पाहत होती. शेतकऱ्यानं ट्रॅक्टर विकला, पाववाल्यानं भट्टी विझवली, कोंबड्याचं कालवण झालं, म्हणजे हवी ती शांतता मिळेल. पण ती शांतता बंद खात्याची असेल. त्या खात्यात शिल्लकही नसते आणि व्यवहारही नसतो.

म्हणून माझी एक सूचना आहे. चमच्यांच्या यादीखाली घरमालकिणीनं आणखी चार ओळी लिहाव्यात : घंटा एक, दोनदा वाजणारी, कोंबडा एक, चालू स्थितीत, ट्रॅक्टर, हंगामाप्रमाणे, दुपारची झोप, संपूर्ण गावाची. पाहुण्यानं त्यावर सही करावी आणि शनिवारी निघताना या सगळ्या वस्तू मिळाल्या तशाच परत कराव्यात. यातली एक जरी कमी भरली, तरी अनामत जप्त!