डोंगराने आणून टाकलेली जमीन

प्रताप नगरातील कुटुंबांना दरड कोसळण्याची वार्ता वर्तमानपत्रातूनच कळते. नागपूर सपाट, उंचवटा म्हणावा तर सीताबर्डीची टेकडी. मात्र त्या टेकडीचा काळा दगड आणि भीमाशंकरचा कातळ एकाच कुळातले आहेत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक साचून हा खडक झाला. त्याची पूर्वेकडील कड नागपूरच्या परिसरात संपते, आणि पश्चिमेस तोच सह्याद्री होऊन उभा राहतो.

हा कातळ भक्कम दिसतो, पण तो एकसंध नाही. कठीण थरांच्या मध्ये ठिसूळ थर आहेत, भेगा आहेत, आणि वर मुरूम व माती यांचे पांघरूण आहे. पाऊस अनेक दिवस संततधार पडला की पाणी मुरत खाली जाते आणि कठीण थरापाशी अडते. तेथे पाण्याचा दाब वाढतो, मातीची कातळावरील पकड सुटते आणि सगळे पांघरूण एकदम खाली येते. वृक्षतोड, रस्त्यासाठी कापलेला पायथा, उतारावर केलेले सपाटीकरण यांमुळे हा क्षण लवकर येतो. परंतु मनुष्य नव्हता तेव्हाही डोंगर असेच ढासळत होते. नदी पायथा पोखरते, उतार उभा होतो, कोसळतो. पडलेला राडारोडा नदी हळूहळू वाहून नेते आणि पुन्हा पायथ्याला भिडते. दऱ्या रुंद होण्याचा हा एक मोठा मार्ग आहे.

३० जुलै २०१४ च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव असेच गाडले गेले. नेहमीच्या फेरीस आलेल्या एस.टी. चालकाला गावच दिसेना. बाहेरच्या जगाला पहिली खबर त्याच्याकडून मिळाली. दीडशेच्या वर माणसे मृत्युमुखी पडली. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी. तिन्ही घटना जुलैमधल्या, हे ध्यानात घ्यावे.

अशा जागी लोक वस्ती का करतात, हा प्रश्न शहरातील माणूस सहज विचारतो. त्याचे उत्तर डोंगरातच आहे. उभ्या कड्याखाली जो मंद उतार असतो, जेथे माती खोल असते आणि झरे बारमाही असतात, तो पुष्कळ ठिकाणी पूर्वी कोसळलेल्या दरडींच्या साचलेल्या मलब्याचाच असतो. शेतीस आणि घरास सर्वांत सोयीची जागा तीच. शे-दोनशे वर्षे काही घडले नाही, तर ती सुरक्षित आहे असे कोणीही मानील. सातबाऱ्यावर मालकाचे नाव असते, क्षेत्र असते, पीक असते. जमीन तेथे कशी आली, हे त्यावर लिहिलेले नसते.

हिमालयात तर अशी दरड नदीच अडविते. १८९३ च्या सप्टेंबरमध्ये गढवालात गोहना येथे डोंगराचा कडा बिरही गंगेत कोसळला आणि सुमारे नऊशे फूट उंचीचा बांध होऊन मागे सरोवर साचले. इंग्रज अभियंत्यांनी पाणी केव्हा वरून वाहील याचे गणित मांडले, तारायंत्राची ओळ टाकली, खालच्या काठावरील वस्त्या हलविल्या. २५ ऑगस्ट १८९४ च्या रात्री बांध फुटला. अलकनंदेकाठचे श्रीनगर वाहून गेले, परंतु प्राणहानी झाली ती हलविल्यावरही पुन्हा परतलेल्या एका फकिराच्या कुटुंबातील पाच जणांचीच. टेलिफोन, उपग्रह यांपैकी काही नसताना हे साधले होते. उरलेले तळे १९७० च्या पुरात संपले.

व्यापारी कुटुंबांना हा विषय दूरचा वाटू नये. चिखलदऱ्याला, लोणावळ्याला, इगतपुरीला भूखंड घेऊन ठेवण्याची हौस वाढली आहे, आणि दलाल 'व्ह्यू'चा भाव वेगळा लावतो. कागदपत्रे वकिलास दाखविली जातात. उतार मात्र कोणी पाहत नाही. पायासाठी खणताना अखंड कातळाऐवजी मातीत रुतलेले लहानमोठे दगडधोंडे निघाले, झाडे वा विजेचे खांब कललेले दिसले, उतारावर आडव्या भेगा असल्या, किंवा झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ झाले, तर व्यवहार थांबवून जाणकारास विचारावे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने दरडप्रवण क्षेत्रांचे नकाशे तयार केले असून ते 'भूकोश' या संकेतस्थळावर पाहता येतात. त्याच संस्थेचे मध्य क्षेत्राचे कार्यालय नागपुरात सेमिनरी हिल्स येथे आहे. बयाणा देण्यापूर्वी हे नकाशे पाहण्यास तासभरही लागत नाही.

माळीणचे पुनर्वसन आमडे येथे झाले. एप्रिल २०१७ मध्ये नवी घरे ग्रामस्थांना मिळाली. त्याच वर्षी जूनच्या पहिल्याच जोरदार पावसात नव्या गावातील रस्ते खचले आणि जमिनीला भेगा पडल्या.